सायलेन्सरला बसवलेलं नाक

आमचे आबा वास घेऊन गाडी दुरुस्त करायचे, हे सांगितलं की आता ऐकणाऱ्याला वाटतं, मी काहीतरी वाढवून सांगतेय. पण सोलापुरात आमच्या बाजूला तेव्हा त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. गिऱ्हाइकाला गाडी चालू ठेवायला सांगून आबा मागं जाऊन उकिडवे बसत, सायलेन्सरच्या तोंडाशी उजव्या हाताची ओंजळ धरत आणि ती नाकापाशी आणून डोळे मिटत. आरतीच्या ताटावरून हात फिरवून तोंडाला लावावा, तसं. मग म्हणत, "लई पितीया," म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. किंवा म्हणत, "उपाशी हाय," म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता. सगळं बरोबर असलं की ते न बोलता उठत आणि फडक्याला हात पुसत, त्यावरून गिऱ्हाइकानं समजायचं की झालं. आबा मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. माळावर वाढलेल्या माणसाला नाक असतंच, त्यात शिकण्यासारखं काय आहे, असं ते म्हणत. दूरदूरहून लोक जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या घेऊन आमच्याकडे येत ते त्या नाकासाठी. बाकी पान्हे-स्क्रूड्रायव्हर सगळ्यांकडेच होते.

घर आणि गॅरेज एकच होतं. पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्या, आणि डावीकडची भिंत नरसय्यामामांची नि आमची सामाईक. भिंतीपलीकडे त्यांचे चार यंत्रमाग दिवसभर खडखडत. त्या खडखडाटाची आम्हाला इतकी सवय होती, की लाईट गेली आणि माग थांबले की आम्ही सगळे दचकून एकमेकांकडे बघायचो, कारण आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो हे तेव्हा कळायचं. आईचा शेंगाचटणीचा उद्योग होता. ती शेंगदाणे भाजायची, सोलायची, आणि लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून लोखंडी उखळात कुटायची, चटणीला तेल सुटेपर्यंत. नवी पेठेतल्या दोन दुकानांत ती जायची. म्हणजे आमच्या घरात उजवीकडून लसूण, समोरून पेट्रोल आणि डावीकडून मागाचं तेल असे तीन वास कायम असत. पॉलिटेक्निकमध्ये माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या वहीच्या वासानं भूकही लागते आणि ती पेटही घेईल असं वाटतं. मी ऑटोमोबाईलच्या डिप्लोमाला होते, शेवटच्या वर्षाला. वर्गात मुली दोन, त्यातली एक मी, आणि ही शेजारची दुसरी.

त्या वर्षी साथीचा ताप आला. तो सगळ्या गावाला आला, तसा आम्हालाही आला. आई आठ दिवसांत उठली, मी दहा, आबा पंधरा. घरातली तिन्ही माणसं वाचली, म्हणून आईनं मोडनिंबच्या मावशीकडून कोंबडं मागवून जेवण केलं. त्या जेवणात आबा पहिल्यांदा विचित्र वागले. आईचा रस्सा चाखून ते नेहमी काहीतरी खोड काढत, त्या दिवशी मात्र "झकास झालंय" म्हणाले आणि मान खाली घालून जेवत राहिले. आईनं माझ्याकडे बघितलं. रश्शात मीठच घालायचं राहिलं होतं.

मग अशा गोष्टी रोज दिसू लागल्या. नासलेल्या दुधाचा चहा आबा पिऊन टाकत. एकदा मी कॉलेजातून आले तर गॅसवर डाळ करपून तिचा कोळसा झालेला, घरभर निळा धूर, आणि चार हातांवर आबा पेपर वाचत बसलेले. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय. डाळ टाकली हाय बघ तुझ्या आईनं." आईनं त्या दिवशी डाळीचं भांडं घासायला टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चहात हिंग. आबा प्यायले. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या पाण्यात रॉकेल. आबा आंघोळ करून, भांग पाडून बाहेर आले आणि देवाला उदबत्ती लावायला निघाले, तेव्हा मीच उदबत्ती हातातून काढून घेतली. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या उशीखाली सुकटीची पुडी ठेवली. शेजारपाजारची तीन मांजरं खिडकीतून आत आली आणि दुपारभर आबांच्या छातीवर, पोटावर बसून राहिली. आबा उठल्यावर म्हणाले, आजकाल जनावरांना माझा लळा लागलाय.

या सगळ्यात वाईट एकच गोष्ट होती. आबा आम्हाला सांगत नव्हते. उलट ते सोंग करायचे. आई उखळ घेऊन बसली की शेडमधून आवाज यायचा, "वा, चटणीचा वास सुटला की!" ते आवाजावरून अंदाज बांधत होते हे आईच्या लक्षात आलं. एका सकाळी तिनं मला हाक मारली, तोंडावर बोट ठेवलं, आणि रिकामं उखळ कुटायला सुरुवात केली. उखळात काहीही नव्हतं. लोखंडावर लोखंड आपटत होतं. थोड्या वेळानं आबांचा आवाज आला, "आज लसूण जरा जास्त पडलाय गं." आई कुटायची थांबली नाही. ती आणखी बराच वेळ रिकामं उखळ कुटत राहिली. तिला आता थांबावं कसं हेच कळत नव्हतं असं मला वाटतं. मग ती हळूच म्हणाली, "तुझ्या बापाचं नाक गेलंय." त्यांना सांगूया का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांचं त्यांना म्हाईत न्हाय व्हय? सांगायचं त्यांनी हाय." 

गॅरेजात मात्र आवाजावर भागत नव्हतं. आबा ओंजळ धरायचे, डोळे मिटायचे, आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिटून ठेवायचे. मग दोन शब्दांपैकी एक म्हणायचे. निम्म्या वेळा ते बरोबर निघे, पण तेवढं तर नाणं उडवूनही निघालं असतं. गाड्या परत येऊ लागल्या. आबा म्हणाले, पेट्रोलच खराब यायला लागलंय. मग म्हणाले, हवा बदललीय. गिऱ्हाइकं त्यांच्या वयाला मान देऊन ऐकून घेत आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जात. दिवाळीपर्यंत शेडमध्ये आमची स्वतःची जुनी पांढरी व्हॅन तेवढी उभी राहिली, जिच्यातून आई चटणी पोचवायची. आबा तिचंच इंजिन रोज उघडायचे आणि रोज परत जोडायचे.

मी ऑक्सिजन सेन्सर घेतला तो या दिवसांत. आमच्या वर्गातला एक मुलगा मोटरसायकलच्या शर्यती करायचा. त्याचं लग्न ठरलं आणि सासऱ्यांनी शर्यत सोडायची अट घातली, म्हणून तो सगळं सामान काढून टाकत होता. ते यंत्र म्हणजे अंगठ्याएवढा धातूचा तुकडा, त्याला लांब वायरीचं शेपूट आणि शेपटाच्या टोकाला एक गोल मीटर. हा तुकडा सायलेन्सरच्या पाइपात आत डोकावेल असा बसवायचा. धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे तो ओळखतो, आणि त्यावरून एक भाग पेट्रोलला किती भाग हवा जातेय तो आकडा मीटरवर दाखवतो. चौदा-साडेचौदाच्या आसपास म्हणजे चांगलं. आकडा वर गेला की इंजिन उपाशी, खाली आला की जास्त पितंय. मास्तरांनी हे फळ्यावर शिकवलं तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांना ते यंत्र वाटलं असेल. मला मात्र ते सरळ सरळ आबांचं नाक वाटलं. फरक इतकाच, की याला दोनच शब्द नव्हते, सगळे आकडे येत होते.

घरी मी खोटं बोलले. कॉलेजचं प्रोजेक्ट आहे, आपल्या व्हॅनला बसवून बघायचंय, असं सांगितलं. आबांनी तो तुकडा हातात घेऊन उलटासुलटा केला, आणि सवयीनं नाकापाशी नेला. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी तो पटकन खाली ठेवला. "लाव," एवढंच म्हणाले.

पाइपाला भोक पाडून त्यावर एक जाड नट वेल्डिंग करायचा होता. त्यासाठी आम्ही समोरच्या मौलाचाचांना बोलावलं. मौलाचाचा वेल्डर. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, फाटकं त्यांनी केलेली, अर्ध्या पेठेच्या खिडक्यांवर त्यांचं कमळ होतं. त्यांनी आल्या आल्या विचारलं, नटाभोवती पाकळ्या काढू का. मी नको म्हटल्यावर त्यांचा निम्मा उत्साह गेला. मग जागेवरून वाद झाला. सेन्सर पाइपाच्या खालच्या बाजूला बसवला तर पाइपातलं पाणी त्याच्यावर साचतं आणि तो मरतो, म्हणून तो वरच्या बाजूला तिरका हवा, असं मी सांगत होते. मौलाचाचांचं म्हणणं, नाक खालीच असतं, वर नाक कुणाचं बघितलंय. शेवटी मी म्हटलं, पाइपाचं घड्याळ समजा आणि दहा वाजल्याच्या जागी लावा. "हौ, असं सांग की बेटी," म्हणून ते व्हॅनखाली शिरले. आबा लांब स्टुलावर बसून आपला काही संबंध नाही असं दाखवत होते, पण दर दोन मिनिटांनी "दहा वाजल्यावर म्हणाली ती, अकरा न्हवं" असं म्हणत होते. मीटर पुढं डॅशबोर्डवर, बिरोबाच्या फोटोशेजारी लावला. आईनं त्यालाही हळदकुंकू लावलं, आणि काचेवर बोट फिरल्यामुळं पुढचे दोन दिवस आकडे पिवळे दिसत होते.

गाडी चालू केली. अर्ध्या मिनिटात सेन्सर तापला आणि आकडा आला, साडेसतरा. मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "उपाशी हाय." ते सायलेन्सरपाशी गेलेच नव्हते. त्यांनी खिडकीतून मीटर बघितला होता. मी खाली मान घातली. मग आम्ही दोघांनी मिळून कार्बोरेटर उघडला आणि पेट्रोल वाढवलं. आकडा सतरा. आणखी वाढवलं. आकडा साडेसोळाला येऊन तिथंच बसला. तिसऱ्या दिवशी व्हॅनच्या मागून काळा धूर निघू लागला. दोरीवरच्या आईच्या साड्या राखाडी झाल्या. मौलाचाचा तोंडाला रुमाल बांधून वेल्डिंग करू लागले. नवी पेठेत चटणी पोचवायला गेलो तर दुकानदारानं बरणी उघडून वास घेतला आणि ती तशीच परत दिली. आई म्हणाली, गाडी पेट्रोल पितीया, आंधळ्यालाही कळंल. मी तिला ऑक्सिजन म्हणजे काय ते समजावून सांगायला बसले. मला आज त्या दिवसांची लाज वाटते. माझ्या नाकाला पेट्रोलचा वास येत होता, डोळे चुरचुरत होते, पण आकडा पुस्तकातल्यासारखा होता आणि नाकाचं कुठल्या पुस्तकात नव्हतं. आबांजवळ तर आकड्याखेरीज काही उरलंच नव्हतं. सबंध गल्लीत पेट्रोल कमी आहे असं म्हणणारी दोनच नाकं होती, एक आबांचं आणि दुसरं मी विकत आणलेलं.

त्यातच मौलाचाचांनी चहाच्या टपरीवर कुणाला तरी सांगितलं, की काल मी एका गाडीला ऑक्सिजनचं मशीन बसवलं. त्या वर्षात ऑक्सिजन हा शब्द कुणी हलक्यात घेत नव्हतं. सिलिंडरसाठी लोक रांगेत उभे राहिलेले होते, ते अजून कुणी विसरलं नव्हतं. रविवारी सकाळी नरसय्यामामांची बायको अंबक्का आणि थोरला मुलगा नागेश त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची दोन्ही बाजूंनी उचलून आमच्या शेडमध्ये घेऊन आले. मामांनी चाळीस वर्षं मागावर काढलेली. छातीत कापूस भरलाय असं डॉक्टर म्हणत, चार पावलं चालले की त्यांना दम लागे. आबांना वाटलं, भेटायला आलेत. त्यांनी आईला चहा ठेवायला सांगितलं. तेवढ्यात नागेशनं खुर्ची उचलून बरोबर आमच्या चालू व्हॅनच्या मागं, सायलेन्सरसमोर ठेवली.

मी धावत जाऊन गाडी बंद केली आणि सांगायला लागले, की हे यंत्र ऑक्सिजन देत नाही, फक्त मोजतं, आणि या धुरात जो वायू आहे त्यानं माणूस मरेल. नागेश म्हणाला, मोजतं म्हणजे तिथं तो असणारच की, नसलेली वस्तू कोण मोजतं. अंबक्कांना वाटलं, आम्ही परक्याला द्यायला नको म्हणतोय. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं राहिलो, तुमच्या तापात मी पेज पाठवली, दहा मिनिटं बसू द्यायला तुमचं काय जातंय, असं म्हणत त्या पदर डोळ्याला लावून रडू लागल्या. मौलाचाचा समोरून आले आणि आपण सांगितलेलं खरंच आहे असं आणखी दोघांना सांगू लागले. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. या सगळ्यात नरसय्यामामा खुर्चीतून जरा पुढं वाकले आणि हवा हुंगून धापा टाकत म्हणाले, "पेट्रोलचा वास लई मारतोय की हितं."

आबा त्यांच्याकडे वळले. मग विचारलं, "तुमाला येतोय वास?"

"न यायला काय झालं? छाती गेलीया, नाक हाय."

आबा तिथंच जुन्या टायरवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मला न्हाय येत," ते म्हणाले. "ताप आल्यापासनं न्हाय. कशाचाच न्हाय. पोरीनं हे यंत्र त्यासाठी आणलंय, माझ्यासाठी. ऑक्सिजन देत न्हाय ते, अंबक्का. वास घेतं. माझ्या बदली." हे कॉलेजचं प्रोजेक्ट नाही हे त्यांना कधीपासून माहीत होतं, ते मी नंतरही विचारलं नाही. भिंतीपलीकडचे माग रविवारचे बंद होते, त्यामुळं ते सगळ्या शेडला ऐकू गेलं. आईनं ट्रे ठेवला आणि पहिला कप आबांच्या हातात दिला. "हिंग घातलंय का?" आबांनी विचारलं. आई म्हणाली, "आज न्हाय घातलं." म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं. तिची प्रत्येक परीक्षा त्यांनी ओळखली होती आणि प्रत्येकीत ते नापास होत बसले होते, गप्प, चहा पीत.

खरं सांगायचं तर लोकांनी मग जे केलं त्यानं मला हसू यावं की रडू हे आजही ठरत नाही. नागेशनं लगेच विचारलं, वास घेतं तर आमच्या डेअरीच्या दुधात काय कालवतात ते सांगेल का. मौलाचाचा तुपाची बरणी आणायला वळले. आबांचं कबूल करणं जणू कुणी ऐकलंच नाही. किंवा ऐकलं आणि म्हणूनच दुधा-तुपाचं बोलू लागले असतील. अंबक्का तेवढ्या डोळे पुसून म्हणाल्या, "मग ते यंत्र उपाशी म्हणतंय आणि आमचे हे पेट्रोलचा वास म्हणत्यात, त्यात खरं कोण?"

हा प्रश्न आठ दिवसांत मला पडायला हवा होता. उत्तर आईनं दिलं. ती म्हणाली, गॅसच्या नळीतून गळतंय का बघायला आपण साबणाचं पाणी लावतो, तसं ह्या पाइपाला लावून बघा की. मी गाडी पुन्हा चालू केली, तोपर्यंत नरसय्यामामांना ओट्यावर नेलं होतं. आबांनी ओलं पोतं सायलेन्सरच्या तोंडाशी दाबून धरलं, आणि आईनं भांड्यांच्या साबणाचा फेस घेऊन व्हॅनखाली हात घातला. मौलाचाचांनी बसवलेल्या नटाच्या कडेनं सुरेख बुडबुडे यायला लागले, एकामागून एक. वेल्डिंगला सुईएवढी फट राहिली होती. धूर तिथून बाहेर यायचा आणि उलट बाहेरची हवा आत ओढली जायची. सेन्सर इंजिनाचा वास घेतच नव्हता, तो आमच्या शेडची हवा हुंगत होता, आणि तिच्यात ऑक्सिजन भरपूर आहे, असं आठ दिवस प्रामाणिकपणे सांगत होता. सगळे मौलाचाचांकडे बघायला लागले. ते म्हणाले, "जाळी करणारा माणूस मी. माझ्या कामातून आजवर हवा जातच आली की." यावर नरसय्यामामा ओट्यावर इतके हसले की त्यांना दम लागला आणि अंबक्कांना त्यांचा पंप काढावा लागला. मौलाचाचांनी फट बुजवली, गाडी चालू केली, आकडा दहावर आला. इंजिन पेट्रोलमध्ये बुडालेलं होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही ते चौदावर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौलाचाचा आले, नेहमीसारखे दारातून हाक न मारता. आबा शेडमध्ये एकटे होते, मी आत डबा भरत होते. ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "जाळीचं कारण खोटं होतं. मला जवळचं दिसत नाही. दोन साल झाले. ठिणगी बघून अंदाजानं मारतो." आबांनी विचारलं, घरी सांगितलं का. नाही, म्हणाले. मग दोघांनी चहा घेतला. त्यानंतर त्या गल्लीत वर्षानुवर्षं एक दृश्य दिसायचं. मौलाचाचा काम करताना आबा शेजारी उकिडवे बसलेले, "डावीकडं, अजून जरा, हां, हितं" म्हणताना. मौलाचाचांनी पुढं चष्मा लावला तरी आबा जाऊन बसायचेच.

गिऱ्हाइकं एकदम परत आली नाहीत. जो येई त्याला आबा गाडीतून उतरायच्या आधीच सांगत, माझं नाक गेलंय, यंत्र लावून करतो, चालत असंल तर लावा. काही जण तशीच गाडी वळवून जात. काही थांबत. वेळापूरचे एक वृद्ध वकील होते, त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची काळी मोटार होती आणि ती दर वर्षी आमच्याकडे यायची. त्यांनी आबांचं बोलणं ऐकून घेतलं, विचार केला, आणि म्हणाले, "यंत्राचं ठीक आहे. पण ओंजळ धरून बघायला कुणी आहे का? त्याशिवाय मला बरं वाटत नाही."

आबांनी मला हाक मारली. "आक्का, ये हिकडं. बस."

मी गाडीमागं उकिडवी बसले. त्याआधी महिनाभर ते मला शिकवत होते, अगदी विचित्र पद्धतीनं. स्वतःला येत नसलेला वास ते आठवून आठवून सांगायचे. लई पिणाऱ्या गाडीचा धूर घशात गोड चिकटतो, उपाशी गाडीचा नाकाच्या शेंड्याला टोचतो, आणि नीट असलेल्या गाडीचा धूर म्हणजे कोरडा, तापल्या दगडावर पाणी पडून लगेच उडून गेल्यासारखा. मी हुंगून सांगायचे, ते मीटर बघायचे, आणि मान हलवायचे. कधी मी चुकायचे, कधी बरोबर यायचे. डोळे दुखायचे, डोकं भणभणायचं. मग आई आम्हाला दोघांना मोकळ्या हवेत हाकलायची. आज माझ्या मावसबहिणीच्या मुलीच्या विजेवरच्या गाडीला सायलेन्सरच नाही, मागं वाकून हुंगण्यासारखं काही नाही. ती मला विचारते की मावशी, तू हे सगळं शिकून काय उपयोग झाला. मी तिला सांगते, की उपयोगाचं मला माहीत नाही, एक माणूस आपलं नाक मला देत होता आणि मी ते घेत होते.

त्या दिवशी वकिलांची मोटार घुरघुरत होती. व्हॅनचा सेन्सर काढून तिच्या सायलेन्सरला लावलेला होता. मी ओंजळ धरली, नाकापाशी आणली, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा आबा पुढं, मीटरपाशी उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मीटरवर झाकून ठेवली होती. वकील गाडीतून वाकून बघत होते, मौलाचाचा समोरून बघत होते. मी पुन्हा एकदा हुंगलं. मला काही कळेना. मग कळलं, किंवा कळलं असं वाटलं. मी काही न बोलता उठले आणि फडक्याला हात पुसायला लागले. आबांनी टोपी उचलली, मीटरकडे एक नजर टाकली, टोपी डोक्यावर घातली आणि वकिलांना म्हणाले, "झाली गाडी. न्या."

वकील गेले. आकडा किती होता, मी विचारलं. आबा म्हणाले, "मी न्हाय बघितला."